आजचा राउंड माझा

शुक्रवार, रात्र. हॉल्स गॅप, ऑस्ट्रेलिया.

दादा-वहिनी झोपले. मला झोप येत नाहीये आणि आजचं सगळं उद्यापर्यंत एवढं ताजं राहणार नाही, म्हणून आत्ताच लिहून ठेवते.

मेलबर्नहून इथवर साधारण अडीचशे किलोमीटर. बॅलरॅट मागे पडलं की मेंढ्यांची कुरणं सुरू होतात आणि मधूनच एखादं गाव लागतं. ऐसपैस रस्ता, महायुद्धात गेलेल्या मुलांचं स्मारक आणि कोपऱ्यावर दुमजली हॉटेल, वर लोखंडी जाळीचा व्हरांडा, खाली बार. दारूच्या परवान्यालाच पूर्वी मुक्कामाच्या खोल्यांची अट असायची, म्हणून इथल्या जुन्या पबांच्या पाटीवर ‘हॉटेल’ लिहिलेलं असतं. खोल्या वर, लिफ्ट नाही, न्हाणीघर सामाईक, त्यामुळे मुक्कामाचा प्रश्नच नव्हता. पण एक रात्रीचं जेवण अशा ठिकाणी व्हायलाच हवं, हा माझाच हट्ट. दादाचा एक जुना सहकारी रिटायर होऊन वाटेवरच्याच गावात राहतो. तो आणि त्याची बायको तिथे भेटणार होते.

दुपारी गाडीतून मीच फोन लावला. “व्हीलचेअर चालेल का?” असं मी विचारत नाही. त्याला सगळे ‘हो’ म्हणतात, आणि मनापासून म्हणतात. मी विचारते, पुढच्या दाराला पायऱ्या किती? दुसरं दार कुठे आहे? टेबलाखाली गुडघे जातात का, की मधोमध खांब आहे? टॉयलेटचं दार आत उघडतं की बाहेर? आणि आत्ता या घडीला आत काय ठेवलंय? शेवटच्या प्रश्नावर पलीकडची मुलगी क्षणभर गप्प झाली. “थांबा, बघून येते,” म्हणाली आणि खरंच जाऊन आली. लहान मुलांच्या उंच खुर्च्या आणि टिश्यूची खोकी होती आत. “तुम्ही यायच्या आधी हलवते.” हलवलीही होती. आत भिंतीला दोन्ही बाजूंनी बार, साबण हाताशी, खुर्ची वळवायला जागा.

हे एवढं लिहायचं कारण आहे. टॉयलेट नक्की असेल तरच मी पाणी पिते. पोलिओनंतर वाढलेल्या आमच्यातल्या कित्येकींची ही सवय आहे. एसटी स्टँड, मंगल कार्यालय, सरकारी कचेरी, कुठेही जायचं असलं की सकाळपासून ओठ ओले करण्यापुरतंच पाणी. दुपारपर्यंत डोकं ठणकायला लागतं. आज फोन ठेवल्यावर मी बाटली उघडली आणि अर्धी संपवली. वहिनी आरशातून बघत होती. काही बोलली नाही, फक्त दुसरी बाटली मागे दिली.

कोपऱ्यावरच्या मुख्य दाराला दोन दगडी पायऱ्या. बाजूच्या गल्लीतून रॅम्प. इथल्या नियमाचा उतार चौदाला एक, म्हणजे एक फूट चढायला चौदा फूट लांबी, आणि तो तसाच होता. मी कुणाचा हात न लागता वर गेले. या दाराच्या काचेवर जुनी नक्षीदार अक्षरं अजून आहेत: ‘लेडीज लाउंज’. बायकांनी मुख्य बारमध्ये जायचं नाही, बाजूच्या दारानं वेगळ्या खोलीत बसायचं, अशी इथली रीत होती. त्या काळात इथे, व्हिक्टोरिया राज्यात, बार संध्याकाळी सहाला बंद व्हायचे. 1916 ते 1966, पन्नास वर्षं. कामावरून सुटलेले पुरुष त्या शेवटच्या तासात काउंटरला दाटीवाटीनं उभे राहून प्यायचे. 1965 साली क्वीन्सलंड राज्यातल्या ब्रिस्बेनच्या रेगाटा हॉटेलात मर्ल थॉर्नटन आणि रोझाली बॉगनर या दोघींनी याच्याच निषेधार्थ बारच्या पायदांडीला स्वतःला साखळीनं बांधून घेतलं होतं. बायकांना बारमध्ये मज्जाव करणारा तिथला कायदा 1970 मध्ये बदलला. बायकांसाठीचं ते दार आता माझ्यासारखीला मिळालं आहे, आणि मला ते आवडलं नाही. उतार उत्तम होता तरीही नाही. पुढच्या दारानं आत शिरताना लोक वळून बघतात, हसतात, मान हलवतात. बाजूच्या दारानं आलं की आपण एकदम टेबलापाशीच उगवतो.

टेबल मात्र चांगलं होतं. चार पायांचं, साधं लाकडी, एक खुर्ची आधीच काढून ठेवलेली. पार्मा मागवला. कोंबडीचा चपटा, कुरकुरीत तळलेला तुकडा, त्यावर टोमॅटोचा सॉस, हॅम आणि वितळलेलं चीज, खाली चिप्स दबून मऊ झालेल्या. वहिनीनं भोपळ्याचं सूप घेतलं आणि माझ्या ताटातल्या चिप्स खाल्ल्या.

आता मुख्य गोष्ट. या पबात टेबलावर कुणी ऑर्डर घ्यायला येत नाही. उठायचं, काउंटरला जायचं, सांगायचं, पैसे द्यायचे, ग्लास घेऊन यायचं. आणि सोबत बसलेल्यांनी आळीपाळीनं सगळ्यांसाठी आणायचं. त्याला ते ‘शाउट’ म्हणतात. पहिला शाउट दादाच्या त्या सहकारी मित्राचा, दुसरा दादाचा. मग मी चाकांना हात घातला तसे तिघं एकदम बोलले, “तू बस गं, आम्ही आणतो.” हे वाक्य मी जन्मभर ऐकत आले आहे. त्यात माया असते, मला माहीत आहे. पण जिला कायम सगळे आणून देतात तिच्याकडून कुणी काही घेतही नाही. माझ्या पैशानं दादानं आणलं असतं तरी तो दादाचाच राउंड झाला असता. मी म्हटलं, “नाही. हा माझा.”

काउंटर माझ्या कपाळाच्या उंचीचा. पण एका टोकाला हातभर भाग खाली उतरवलेला होता. इथला अपंगांबाबतचा भेदभावविरोधी कायदा 1992 चा, आणि इमारतींसाठीचे नियम 1 मे 2011 पासून. जुन्या वास्तूला ते नवं बांधकाम किंवा दुरुस्ती निघेल तेव्हा लागू होतात. त्या खालच्या भागावर मेन्यूचे गठ्ठे आणि देणगीचा डबा होता. बारमागच्या बाईनं ते दोन्ही हातांनी बाजूला केलं, कोपर टेकून वाकली आणि थेट मला विचारलं, “काय देऊ गं तुला?” माझ्या मागे कुणी उभं आहे का, हे तिनं पाहिलं नाही.

दोन पॉट, म्हणजे लहान ग्लास, बिअर, एक सायडर (सफरचंदाची हलकी दारू), दोन लेमन-लाइम-बिटर्स नावाची लिंबाची सरबतं. कार्डाचं मशीन तिनं माझ्या हातात दिलं. मग ट्रे. तिनं त्यावर बारवरचा ओला रबरी मॅट अंथरला, ग्लास चिकटून चिकटून ठेवले आणि ट्रे माझ्या मांडीवर टेकवला. गालिचा जाड, चाकं जड जात होती. एकेका ढकलीला फेस कडेपर्यंत येऊन परत बसत होता. टीव्हीवर फुटी, म्हणजे इथला फुटबॉल, चालू होती. वाटेतल्या लोकांनी नजर न काढता पाय आत घेतले, एकानं खुर्ची सरकवली. कुणी कौतुक केलं नाही. एवढ्या सहज जागा मिळाल्याचं मला नीटसं आठवत नाही कधी.

मित्रानं ग्लास उचलला आणि म्हणाला, “थँक्स, मेट.” दादा माझ्याकडे बघत राहिला. मग त्याच्या लक्षात आलं आणि तोही “थँक्स” म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा दादानं माझे आभार मानले असतील.

आपल्याकडे अपंगांच्या हक्कांचा 2016 चा कायदा आहे. रॅम्पही दिसतात हल्ली. काउंटरचा कोपरा खाली घेतलेला मला अजून कुठल्या खानावळीत दिसलेला नाही. परत गेल्यावर नेहमीच्या उडप्याला जाऊन हेच सांगणार आहे. हातभर फळी, दीड दिवसाचं सुतारकाम. पुढच्या दाराचं या पबवाल्यांनाही लिहिणार आहे. दोन पायऱ्यांना उचलून ठेवायचा रॅम्प पुरेल.

उद्या ग्रॅम्पियन्सच्या डोंगरात ट्रेलरायडर, म्हणजे पायवाटांवर न्यायची खुर्ची, मिळणार आहे. मधे एक चाक, पुढे एक माणूस, मागे एक. मित्र पुढे, दादा मागे. सकाळी चहा आणि वर दोन ग्लास पाणी. पार्किंगपाशी टॉयलेट आहे, आत काही ठेवलेलं नाही. विचारून घेतलंय.