बैल पुढे, धुरकरी मागे

मुलीकडे कॅलिफोर्नियात बेकर्सफील्डला पहिल्यांदा गेलो, तेव्हा तिसऱ्या दिवशी दुपारी समोरच्या गॅरेजमधून आर्गॉन वेल्डिंगचा आवाज आला. वेल्डिंगलाही आवाज असतो, हे शॉपमध्ये आयुष्य काढलेल्यालाच कळतं. साधं वेल्डिंग फोडणीतल्या मोहरीसारखं तडतडतं. आर्गॉनचं नुसतं सूं चालू असतं. मी चौतीस वर्षं पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये काढली. रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती आणि दोन वर्षांत हाताला कूलंटचा वास आला नव्हता. चपला सरकवल्या आणि रस्ता ओलांडला. मागून ही म्हणाली, "अहो, ओळख ना पाळख, निघालात कुठे?"

समोरच्या माणसाने डोक्यावरचं हेल्मेट वर केलं, तर आत थेट आमचे बडनेऱ्याचे तात्या! तेच नाक, तीच पांढरी मिशी, आलेल्या माणसाला आधी कामाला लावायची तीच नजर. खरं नाव त्यांनी लगेच सांगितलं, पण माझ्यापुरते ते तेव्हापासून तात्याच. वय बहात्तर. बेकर्सफील्डच्या आसपास तेलाच्या विहिरी फार. तात्यांचा जन्म तिथल्या पाइपलाइनींचं वेल्डिंग करण्यात गेला. "जरा हा पाइप धर," म्हणाले. मी धरला. ओळख झाली.

गॅरेजमध्ये अठरा फूट लांबीचा, शिडीसारखा एक सांगाडा आडवा ठेवला होता. मला वाटलं, टाकीचा स्टँड. ती ड्रॅगस्टर निघाली, म्हणजे सरळ पट्टीवर पळवायची शर्यतीची गाडी. साठच्या दशकात जशा पळायच्या तशी, जुन्या धाटणीची, घरी बनवलेली. बनवून करायचं काय? पळवायची. कुठे? पाव मैल. म्हणजे १,३२० फूट, आपल्या हिशेबात ४०२ मीटर. पुढे? पुढे काही नाही, ब्रेक मारायचा आणि ओढून परत आणायची.

हीने हे ऐकलं आणि तिची कीव त्या घरच्या बाईकडे गेली. मला मात्र हसू आलं नाही, कारण मी अमरावती जिल्ह्यातला. तळेगाव दशासरचा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, मी मामाच्या खांद्यावर बसून पाहिलाय. सरळ मातीची धाव, हलका छकडा, त्यावर जेमतेम टेकलेला धुरकरी आणि निकाल सेकंदांवर. त्या काही सेकंदांसाठी मामाच्या शेजारचा एक शेतकरी वर्षभर जोडीला स्वतःच्या पोरांपेक्षा चांगलं खायला घालायचा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानंतर पट बंद पडले, तेव्हा त्या भागातली म्हातारी माणसं सुतक असल्यासारखी बसून होती. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने शर्यतींना मुभा देणाऱ्या कायद्यावर शिक्कामोर्तब केलं. बैलांच्या बाजूने बोलणाऱ्यांचंही मला पटतं. इंजिनाचा तेवढा एक फायदा: त्याला पुराणी, म्हणजे टोचायची काठी, लागत नाही.

तर सांगायची गोष्ट बसण्याच्या जागेची. या जुन्या गाडीत इंजिन पुढे आणि माणूस मागे. मागे म्हणजे किती? मागच्या चाकांच्याही मागे. तिकडे या रचनेला बेचकी म्हणतात. दोन मोठी चाकं म्हणजे बेचकीची दोन टोकं आणि मागे ताणलेल्या चामड्यात दगड असतो तसा चालक. दोन पाय मागच्या आसाच्या दोन बाजूंना, डिफरन्शियल, म्हणजे आसावरची गिअरची पेटी, मांड्यांच्या मधोमध. पहिल्यांदा कळलं तेव्हा मी तात्यांकडे आदराने आणि थोड्या काळजीने पाहिलं.

काळजी बरोबरच होती. ८ मार्च १९७० ला लॉस एंजेलिसजवळच्या लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर डॉन गार्लिट्सच्या गाडीचा गिअरबॉक्स सुटताक्षणी फुटला, गाडीचे दोन तुकडे झाले आणि त्याच्या उजव्या पावलाचा पुढचा भाग गेला. फ्लोरिडाचा हा माणूस या खेळातला सर्वांत मोठा. दवाखान्यात पडल्यापडल्या त्याने ठरवलं, इंजिन माणसाच्या मागे टाकायचं. १९७१ मध्ये तशी गाडी घेऊन तो आला आणि जिंकत सुटला. दोन-तीन वर्षांत वरच्या वर्गातल्या सगळ्यांनी तेच केलं. शहाणपणाचंच होतं ते.

"मग तुम्ही हा शहाणपणा का करत नाही?" मी तात्यांना विचारलं.

तात्यांनी हातातली कानस खाली ठेवली. १९५९ मध्ये बेकर्सफील्डच्या उत्तरेला फॅमोसोच्या धावपट्टीवर पहिली मोठी मार्च मीट, म्हणजे अशा गाड्यांच्या शर्यतींचा मेळा, झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला विमानतळ तो. विमानं गेली, डांबर उरलं. गावातल्याच स्मोकर्स नावाच्या क्लबने ती भरवली होती आणि तोच गार्लिट्स तेव्हा पहिल्यांदा फ्लोरिडाहून कॅलिफोर्नियावाल्यांशी भिडायला आला होता. जिंकला मात्र इकडचा आर्ट क्रिसमन. तात्या तेव्हा आठ वर्षांचे, बापाच्या खांद्यावर. (जगात सगळीकडे पोरं खांद्यावरूनच बिघडतात.) त्यांनी पाहिलं ते एवढंच: इंजिन पुढे भडकलंय आणि त्याच्या धुरात तोंड घालून एक माणूस मागे बसलाय.

"इंजिन मागे असलं की ते काय करतंय ते दिसत नाही," तात्या म्हणाले. "मला दिसायला हवं."

मला मामा आठवला. तो म्हणाला असता, "बैल मांगं अन् मानूस समोर? असं कुठी असते काय बाप्पा!"

पहिल्या खेपेचे सहा महिने सांगाड्यात गेले. क्रोममॉली पोलादाचा पाइप, पातळ आणि चिवट. एक पाइप दुसऱ्याला जोडायचा तर त्याचं टोक माशाच्या उघड्या तोंडासारखं कापावं लागतं, म्हणजे ते दुसऱ्याच्या गोलाईवर नीट बसतं. नीट म्हणजे किती, यावर आमचा दोघांचा एकही दिवस वाद झाला नाही. सांधा जुळवायचा, मागे बॅटरी धरायची आणि पाहायचं. उजेडाची रेघ दिसली की परत कानस. माझ्या हाताला त्या पहिल्या दिवशी फोड आले आणि हीने ते पाहून कपाळाला हात लावला. मला मात्र नोकरीतली पहिली वर्षं आठवून बरं वाटलं. तात्या टाका घालायचे तेव्हा मी शेजारी काळी काच धरून बघत बसे. निवल्यावर सांध्याच्या कडेला रंग उमटतात: आधी गव्हाळ, मग जांभळा, मग मोरपिशी. रंग पाहून उष्णता किती गेली ते कळतं. करडा दिसला की तात्या स्वतःलाच शिवी हासडत.

एक चूक माझी. मधला एक आडवा पाइप मी अर्धा इंच आखूड कापला. मी मिलिमीटरचा माणूस. तात्या इंचांत बोलतात, तेही सोळांशांत. साडेबावीसच्या जागी मी बावीसच ऐकलं आणि बावीस इंच म्हणजे ५५८.८ मिलिमीटर, असं दशांशापर्यंत अचूक कापलं. टूलरूमच्या माणसाची चूकसुद्धा दोन थाऊच्या, म्हणजे इंचाच्या दोन हजारांशांच्या, आत असते. तात्या काही बोलले नाहीत. पाइप भिंतीवर दोन खिळ्यांवर ठेवला आणि खाली खडूने तारीख लिहिली.

दुसऱ्या खेपेला गेलो तोवर इंजिन येऊन पडलं होतं. भंगारातल्या पिकअपचं, शेव्हरलेचं ३५० घनइंची व्ही-एट, म्हणजे ५.७ लिटर. सिलिंडर तीस थाऊ वाढवून घेतलेले. मागे दोनच गिअरचा पॉवरग्लाइड गिअरबॉक्स. सस्पेन्शन नाही, पुढच्या चाकांना ब्रेक नाहीत आणि ती चाकं सायकलीची वाटावीत अशी बारीक. मागचे टायर मात्र हातभर रुंद आणि पूर्ण गोटा. आपल्याकडे टायर गोटा झाला की बायको बदलायला सांगते. इथे नवाकोरा गोटा पैसे मोजून घेतात. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधला स्पेसर मी तात्यांच्या जुन्या लेथवर कातला. डायल लावून फिरवला तेव्हा काटा जागचा हलेना. मी तात्यांना मुद्दाम हाक मारून दाखवलं. एवढा मोठेपणा माणसाने घ्यावा.

दहा सेकंदांच्या आत पळायचं तर चासीचं प्रमाणपत्र लागतं. तपासनीस आला, त्याने ध्वनिलहरींच्या मीटरने ठिकठिकाणी पाइपची जाडी मोजली, सांधे पाहिले, चिकटपट्टी लावली आणि गेला. एका सांध्याशी तो जरा जास्त वेळ थांबला, तेव्हा तात्यांचा चेहरा दहावीच्या निकालासारखा झाला होता. ताशी १५० मैलांच्या पुढे जायचं तर पॅराशूटही सक्तीचं. आमची गाडी तेवढी जाणार नव्हती, तरी तात्यांनी बसवलं. मी म्हटलं, छान दिसतं.

धाव ऑक्टोबरात होती, सरावाच्या एका शनिवारी. आदल्या आठवड्यात खंडेनवमी. मी लेथला, वेल्डिंग मशीनला आणि इंजिनाला हळदकुंकू लावलं, मुलीच्या कुंडीतली झेंडूची फुलं वाहिली. तात्यांनी कारण विचारलं. म्हटलं, वर्षातून एक दिवस हत्यारांना सुट्टी. ते म्हणाले, "आणि उरलेले दिवस?" तेव्हा शिव्या. हे त्यांना लगेच पटलं.

फॅमोसोला पोचलो तर भोवती मैलोनमैल बागा आणि मध्ये ती काळी पट्टी. तात्यांनी आगीचा सूट चढवला, हेल्मेट घातलं. हात बाहेर पडू नयेत म्हणून मनगटांना पट्टे. माझं काम हातवाऱ्यांचं. आधी पाण्याच्या डबक्यात टायर भिजवून जागच्या जागी फिरवायचे, धूर निघेपर्यंत, म्हणजे रबर तापून चिकट होतं. मग गाडी इंचाइंचाने पुढे, चाकाने प्रकाशाची रेघ तोडली की खांबावरचे बारीक पिवळे दिवे लागतात. हा खांब १९६३ पासून. त्याआधी मध्ये उभा राहून माणूस झेंडा दाखवायचा. खाली तीन पिवळे, अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने. मग हिरवा.

हिरवा झाला. तात्या जागेवरच. मागून हॉर्न वाजवायची तिथे सोय नाही. पुरा एक सेकंद गेल्यावर निघाले. पहिली धाव ११.२ सेकंद, अर्ध्यातच पाय काढला होता. दुसरी १०.०७. तिसऱ्या वेळी पुढची चाकं दोन बोटं वर उचलली गेलेली मी डोळ्यांनी पाहिली, मग आवाज छातीत शिरला आणि पाहतो तो टोकाला पॅराशूट फुललेलं. ९.७४ सेकंद, ताशी १३८ मैल. आपल्या हिशेबात २२२ किलोमीटर. शेजारच्या पट्टीवरचा पोरगा कधीच पुढे गेला होता, पण तिकडे आम्ही पाहिलंच नाही. माझ्या तोंडून काय निघालं ते मला आठवत नाही. मुलगी म्हणते, "बाबा, तुम्ही 'हाण रे' म्हणून ओरडलात."

संध्याकाळी गॅरेजमध्ये तात्यांनी मला आत बसवलं. बंद गाडीत. गुडघे आसाच्या दोन्हीकडे फाकवून बसलो आणि समोर बघितलं, तर रस्ता म्हणून काही दिसेचना. इंजिन, त्याच्या डाव्याउजव्या बाजूला बोटभर जागा, तेवढ्यात काय मावेल ते जग. "चालवायचं कसं मग?" तात्या म्हणाले, "कडेचं बघायचं." धुरकऱ्यालाही दोन पाठींच्या मधून तेवढंच दिसत असणार. पन्नास वर्षांत हे मामाला विचारायचं मला सुचलं नव्हतं. मी जरा जास्तच वेळ बसलो असेन, कारण हीने रस्त्यापलीकडून दोनदा हाक मारली आणि तिसऱ्यांदा थालीपीठ गार झाल्याची बातमी दिली.

निघताना तात्यांनी भिंतीवरचा तो आखूड पाइप काढला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि माझ्या हातात ठेवला. बॅगेत साड्यांच्या घडीत तो पुण्याला आला. गंजू नये म्हणून त्याला तेलरंगाचे दोन हात दिले. आता ओट्याच्या वर झारे-कालथे अडकवायला लावायचा असं ठरलं, कोनाडा मोजला, पाइप आडवा धरला, तर अर्धा इंच जास्त. ही हसायला लागली. मी माळ्यावरून कानस काढली.