बासष्ट सालापासून

आमच्या मंडळाची सत्यनारायणाची पूजा २६ जानेवारीलाच असते. सकाळी झेंडावंदन, मग पूजा, दुपारी मैदानात फुटबॉल, संध्याकाळी मुलांची नाचगाणी आणि बक्षीस समारंभ. मंडळ कांदिवली पूर्वेचं, त्यामुळे क्रिकेटच्या जागी फुटबॉल कसा आला हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. आकुर्ली रोडवर महिंद्राचा कारखाना. आमच्या वाडीतले निम्मे बाप तिथे कामाला, आणि त्या कंपनीची फुटबॉल टीम म्हणजे घरचीच टीम, असा आमचा समज.

सामना ठरलेला असायचा : लग्न झालेले विरुद्ध न झालेले. गणपतीच्या मांडवाचे उरलेले बांबू रोवून गोलपोस्ट. रेफ्री फोरमनकाका. ते कारखान्यात खरोखरच फोरमन होते की नाही हे आम्ही कधी विचारलं नाही. त्यांची शिट्टी मात्र एकदम खणखणीत, आणि ऑफसाइडचा निर्णय नेहमी लग्न झालेल्यांच्या बाजूने. एका वर्षी आमचा बॉल थेट पूजेच्या चौरंगाशी गेला आणि शिऱ्याच्या पातेल्यावर आपटला. झाकण होतं म्हणून प्रसाद वाचला. पुढच्या वर्षीपासून गोलपोस्टची दिशा बदलली, ती कायमची.

खरी गंमत संध्याकाळी. बक्षिसं वाटायच्या आधी काका माइक घ्यायचे आणि महिंद्राच्या टीमचा इतिहास सांगायचे. दरवर्षी तोच. सुरुवातही तीच : ‘‘आपली टीम सुरू झाली...’’ एवढं म्हणून ते थांबायचे, आणि समोर सतरंजीवर बसलेली सगळी पोरं ओरडायची, ‘‘बासष्ट साली!’’

मग कंपन्यांच्या टीमांचा जमाना यायचा. टाटा, मफतलाल, ओर्के मिल्स, आरसीएफ, एअर इंडिया, रेल्वे. नोकरी कंपनीत आणि संध्याकाळी मुंबईच्या हारवूड लीगमध्ये खेळायचं. कूपरेजच्या मैदानावर रोव्हर्स चषक भरायचा, १८९१ पासूनचा. तो बंद पडला याचं काकांना सगळ्यात जास्त वाईट वाटायचं, महिंद्रा तो चषक खेळो न खेळो. कंपनीने आधी जीप जोडायला घेतल्या म्हणून आपल्या पोरांना ‘जीपमेन’ म्हणतात, हे वाक्य काका छाती फुगवून म्हणायचे. १९९८ साली ड्युरँड चषक जिंकला, तेव्हा नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ होतं. नंतर ते ‘महिंद्रा युनायटेड’ झालं. ‘‘मँचेस्टरवाल्यांनी आपली नक्कल केली,’’ असं काका दरवर्षी म्हणायचे आणि आम्ही दरवर्षी हसायचो.

भाषण वर्षागणिक लांबत गेलं, कारण टीम जिंकत गेली. २००१ चा ड्युरँड, २००३ चा फेडरेशन चषक, २००५ ला तोच पुन्हा. संध्याकाळी नाचायला थांबलेल्या मुली कंटाळून आईच्या मांडीवर झोपायच्या.

२००६ सालच्या उन्हाळ्याआधी मंडळाने आम्हाला कूपरेजला नेलं. कांदिवलीहून चर्चगेट, दुपारची मोकळी लोकल, पोळी-भाजीचा डबा, मग ओव्हलच्या कडेने रांगेत चालत. बँडस्टँडच्या बागेतले घोडे बघून धाकट्यांनी तिथेच बसकण मारली, त्यांना ओढत न्यावं लागलं. आत गर्दी नव्हती. खरं सांगायचं तर मुंबईने या टीमकडे कधी धड बघितलंच नाही. पण गर्दी नव्हती म्हणूनच आम्हाला खेळाडूंच्या हाका ऐकू येत होत्या. उजव्या बाजूने स्टीव्हन डायस आमच्यासमोरून पळत गेला तेव्हा बुटाखालची माती उडालेली दिसली. मुंबईचाच मुलगा, हे काका आम्हाला तीनदा सांगून गेले. बॅरेटोकडे बॉल आला की काका उभे राहायचे, याकुबूकडे आला की मागचे लोक काकांना खाली बसवायचे.

त्या मोसमात प्रशिक्षक डेरिक परेरांच्या हाताखाली आपली टीम राष्ट्रीय लीगची विजेती ठरली. राष्ट्रीय लीग म्हणजे कोलकाता आणि गोव्याचे क्लब, मधूनच पंजाबची जेसीटी. महाराष्ट्रातल्या क्लबने ती जिंकली ती तेवढी एकदाच. २००७ च्या पूजेला काकांनी भाषण संपवलंच नाही. शेवटी अध्यक्षांनी प्रसादाचं कारण काढून माइक काढून घेतला. त्याच वर्षी टीम एएफसी चषकाच्या, म्हणजे आशियाई क्लबांच्या स्पर्धेच्या, उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेली आणि लेबनॉनच्या नेजमेहकडून हरली. म्हणजे पुढच्या वर्षी भाषणात लेबनॉनही आलं. ‘‘कुठे आहे रे लेबनॉन?’’ असा प्रश्न विचारून बरोबर उत्तराला पेन्सिल.

२००८ ला पुन्हा ड्युरँड. २०१० च्या २६ जानेवारीला काका नेहमीसारखे बोलले, पोरं नेहमीसारखी ओरडली. मार्चमध्ये बातमी आली : मोसम संपला की टीम बंद, यापुढे शाळकरी मुलांच्या फुटबॉलकडे लक्ष. कंपनीचं गणित असेल, मला त्यात बोलायचं नाही. २०११ ला काकांनी माइक घेतला, ‘‘आपली टीम सुरू झाली...’’ म्हणाले, पोरं ‘‘बासष्ट साली!’’ ओरडली, आणि काका म्हणाले, ‘‘चला, बक्षिसं घेऊ या.’’

मी आता लग्न झालेल्यांच्या बाजूने खेळतो आणि ऑफसाइड मला पटतो. मैदानाच्या अर्ध्या भागात गाड्या लागतात, सामना पाच-पाच जणांचा झालाय. नव्या पोरांना आताचा मुंबई सिटी क्लब ठाऊक. एका पूजेला मुलांनी हट्टच केला तेव्हा भाषण माझ्या गळ्यात पडलं. काका पुढच्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, गुडघ्यावर शाल. त्यातल्या एकाही पोराने ती टीम पाहिलेली नाही, पण ‘‘बासष्ट साली!’’ नीट आलं. मी पुढे सरकलो : अठ्ठ्याण्णव, मग २००१, ड्युरँडच्या अंतिम सामन्यात चर्चिल ब्रदर्सला हरवलं...

‘‘किती?’’ खालून काका.

मी कागदात बघायला लागलो.

‘‘कागद कसला बघतोस? पाच-शून्य! जोरात सांग त्यांना.’’