सगळ्यात भारी फिल्टर

"भाऊ, गाडी ओढूनच नाही राहिली. काळा धूर मारते."

गाडी मी लांबूनच ओळखली. 2.2 लिटरची पांढरी डिझेल एसयूव्ही, रोज वणी ते घुग्गुस, खाणीचे रस्ते, कोळशाच्या ट्रकांच्या मागे-पुढे. मालक ट्रकांवर देखरेख करतात. माणूस सरळ, पैशाला खळखळ नाही. दोन वर्षांपूर्वी याच गाडीसाठी त्यांनी मला विचारलं होतं, "सगळ्यात भारी एअर फिल्टर कोणता?" आणि मी मांडणीवरून सगळ्यात महागडा डबा काढला होता. लाल सुती जाळीचा, धुऊन पुन्हा वापरायचा. "हा टाका, जन्मभर बघायला नको," असंही बोललो होतो.

इंजिन चालू ठेवून ऑईलची टोपी काढली तर आतून फकाफका वाफ. डिपस्टिकवर ऑईल खालच्या खुणेच्याही खाली. ग्लो प्लग काढून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात हवा किती दाबली जाते, ते बघितलं: दोन सिलिंडर 26 बारच्या आसपास, एक 20, एक 19. तिथंच कळलं की खर्च मोठा आहे. पण का, हे अजून कळायचं होतं.

फिल्टरनंतरचा पाइप काढून आत बोट फिरवलं. ही जागा साफ असायला हवी, इथं आलेली हवा थेट टर्बोत, म्हणजे हवा कोंबणाऱ्या पंख्यात, आणि तिथून इंजिनात जाते. बोटावर राखाडी पीठ आलं. अंगठ्यावर चोळलं तर कर्र लागलं. कोळसा असा लागत नाही, तो मऊ असतो, काजळासारखा पसरतो. ही धूळ कोळशाच्या डोक्यावरच्या कामठी वालुकाश्माची, खाणीवाले जो उकरून ढिगारे लावतात त्याची. त्यातला क्वार्ट्झ ओतीव लोखंडापेक्षा कठीण. पिस्टनची रिंग आणि लायनर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, यांच्यामध्ये ऑईलचा थर असतो काही मायक्रॉनचा, मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. पाच-दहा मायक्रॉनचा कण त्यात शिरला की पॉलिश पेपरचंच काम करतो. टर्बोच्या पंख्याची पाती मी टॉर्च मारून बघितली, कडा उंदरानं कुरतडल्यासारख्या गोल झालेल्या.

आता फिल्टर. उन्हात धरला आणि त्यातून ऊन दिसलं. सुईच्या टोकाएवढे ठिपके, घडीघडीत. सुती फिल्टरची गंमत अशी की त्याचे दोरे विरळच असतात. धूळ पकडतं ते दोऱ्यांवरचं चिकट तेल. तेल आहे तोवर फिल्टर, तेल गेलं की मच्छरदाणी.

"हा धुता का तुम्ही?"

"दर महिन्याला!" मालक खुशीत म्हणाले. "पोट्टा साबणानं धुतो, हवा मारतो, वाळवतो."

"आणि तेल?"

"त्याले तेल काहून लागते?"

मी काहीच बोललो नाही. दोन वर्षांपूर्वी मी हे सांगितलं होतं का? सर्व्हिसला पाच गाड्या उभ्या असताना सांगितलं असेन, नसेनही.

लोकांना फिल्टर म्हणजे चाळणी वाटते, जितकी साफ तितकी चांगली. कागदाच्या फिल्टरचं तर उलटं असतं. नवा असताना तो जास्त धूळ सोडतो. वर धुळीचा पातळ थर बसला की तो थरच बारीक धूळ अडवतो. तो थर झाडायला आपली मंडळी फिल्टर टायरवर आपटतात, नाहीतर कॉम्प्रेसरची नळी घडीला टेकवून हवा मारतात आणि कागद फाडतात. माझ्याकडचीच पोरं करायची, एकाला त्यावरून घरी पाठवलाय मी. कागदाचा खरा दोष पाऊस. एअर बॉक्समध्ये पाणी गेलं की तो फुगतो, गाडी दमते. म्हणून इथं मी आता कृत्रिम धागा मिसळलेला कागद वापरतो, आणि बसवण्याआधी रबराच्या कडेवर बोट फिरवतो.

डब्यांवर छापलेले धूळ अडवण्याचे आकडेही फसवे. 99 टक्के आणि 99.8 टक्के, ऐकायला सारखेच. पण फिल्टरवर एक किलो धूळ आली तर पहिला 10 ग्रॅम आत सोडतो, दुसरा 2 ग्रॅम, म्हणजे सरळ पाचपट फरक. हे इंजिन 2000 आरपीएमला, टर्बो सोडूनच, मिनिटाला 2200 लिटर हवा ओढतं. दिवसभर ट्रकच्या मागे. महागड्या फिल्टरवाले सांगतात, हवा मोकळी मिळते, पिकअप वाढतो. घुग्गुसच्या रस्त्यावर पिकअप दाखवायला जागा आहे कुठं?

आणखी एक गोष्ट मला सोडत नाही. एअर बॉक्सची एक क्लिप तुटली होती, त्या कोपऱ्यात रबराच्या कडेवरून आत गेलेली धुळीची बोटभर रेघ होती. म्हणजे धूळ जाळीतून गेली की कडेनं? क्लिप कोणी तोडली? दर महिन्याला बॉक्स उघडणाऱ्या पोट्ट्यानं, की फिल्टर बसवताना माझ्याच माणसानं? जाड सुती फिल्टर त्या बॉक्समध्ये जरा दाबूनच बसतो, हे मला तेव्हाही माहीत होतं.

इंजिन उघडलं, टर्बो बदलला, दोन लायनर आणि सगळ्या रिंगा टाकल्या. मजुरी मी निम्मीच लावली. मालकांनी कारण विचारलं नाही. नवा कागदाचा फिल्टर बसवताना म्हणाले, "हा तर स्वस्तातला आहे ना, भाऊ?" मी म्हटलं, हो, आणि दर 5000 किलोमीटरला दाखवायला आणा, धुवायचा नाही.

परवा मांडणी आवरताना मागच्या कप्प्यात तेलाची छोटी बाटली सापडली, लाल तेलाची, सील न फोडलेली, तशा फिल्टरला लावायची तीच. असे फिल्टर मी तीन-चार जणांना विकले होते. बाटली कोणाच्या फिल्टरची, ते आठवत नाही.