आमची वाटचाल : लाखेची बरणी आणि चौदा बॉड्या

दुकानाच्या पाटीवर अजून ‘फर्निचर पॉलिश व स्प्रे पेंटिंग’ एवढंच आहे. गिटारचं नाव त्यावर कधी आलंच नाही. लोकांच्या वस्तू चकाचक करताना स्वतःची पाटी रंगवायची राहून गेली ती गेलीच. तरी बेळगाव, हुबळी, पणजी, पुणे, कुठून कुठून बेस गिटारच्या बॉड्या, म्हणजे गिटारची लाकडी धडं, रंगवायला एसटीच्या पार्सलने मिरजेला येतात, आणि स्टँडवरचा हमाल पत्ता न वाचता आमच्याकडे आणून टाकतो.

आमचे आप्पा लाख पॉलिशवाले. मिरजेत सतारमेकरांना पॉलिश शिकवायला कुणी जाऊ नये, त्यांचे हात पिढ्यान्‌पिढ्यांचे. आप्पांकडे यायचं ते त्यांचं वर उरलेलं काम. दर्ग्याच्या उरुसाआधी, संगीत सभेच्या तोंडावर गर्दी झाली की चार तानपुरे आमच्या ओसरीवर. बाकी वर्षभर कपाटं, पलंग, देव्हारे. आप्पांची हत्यारं म्हणजे एक पत्र्याचा डबा. त्यात कापसाचा बोळा, वर जुन्या धोतराचं मलमल, आणि झाकण घट्ट लावलेलं, म्हणजे स्पिरिट उडून बोळा कडक होऊ नये. तो डबा मी अजून वापरतो. बोळा तळव्यात असा बसायला हवा की दाबला तर लाख नुसती पाझरली पाहिजे, गळता कामा नये. बोळा अडकायला लागला की बोटाने जवसाच्या तेलाचा एक थेंब. दोन थेंब टाकले की आप्पा हातावर फटका मारायचे.

मला हे काम कमीपणाचं वाटायचं. मी डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजमध्ये चार वर्षं काढली आणि २००१ साली एक एचपीचा सेकंडहँड कॉम्प्रेसर आणि १.४ नोझलची रंग फवारायची गन घेऊन आप्पांच्याच ओसरीला शटर लावलं. लाखेच्या बरण्या वरच्या फळीवर गेल्या. मी ड्युको, म्हणजे गाडीचा रंग, मारणारा माणूस, मला लाख कशाला?

२००४ च्या दिवाळीनंतर मामा आले. मामा म्हणजे माझे मामा नव्हेत, साऱ्या ऑर्केस्ट्राचे मामा. लग्न, जत्रा, गणपती, सगळीकडे बेस वाजवायचे. बगलेत गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी होतं. सोडलं तर सागवानी लाकडाची बेस गिटार! वाड्याचं जुनं दार मोडलं होतं, त्याच्या फळीतून सुताराकडून बॉडी कापून घेतलेली. नेक, म्हणजे तारा दाबायचा दांडा, एका मोडक्या बेसचा काढून चार स्क्रूंनी बसवलेला. बिजागरीची भोकं तशीच.

“भावा, विकतची परवडत नाही. ही वाजती बरी, पण स्टेजवर दाराची फळी दिसती. हजाराच्या आत काय करशील ते कर.”

मी ६४० रुपयांत केली. बिजागरीच्या भोकांत सागाच्याच खुंट्या ठोकल्या, कारण नुसती लांबी, म्हणजे पुट्टी, भरली तर वर्षाने ती बसते आणि रंगावर गोल खळगा दिसतो. सगळी बॉडी १८०, मग २४०, मग ३२० च्या पेपरने घासली. लाकडाची कापलेली तोंडं दुप्पट घासली, कारण ती रंग नुसता पितात. नेक बसतो त्या खाचेत चिकटपट्टी लावली. हे फुकटात सांगतो, लिहून ठेवा: खाचेत रंग जाऊ दिलात तर नेक ठोकून बसवावा लागतो, आणि पहिल्याच उन्हाळ्यात कोपऱ्यातून रंगाला तडा जातो. त्याच खाचेत स्क्रूच्या भोकांतून एक लांब पट्टी आवळली की धरायला दांडा मिळतो, बॉडीला हात न लावता चहूबाजूंनी गन फिरते आणि नंतर तीच पट्टी आढ्याला टांगता येते. मग एनसी (नायट्रोसेल्युलोज) सीलर, म्हणजे रंगाखालचा थर, मग काळा ड्युको, तोही एनसीच, पातळ पातळ सहा हात.

मामा तिसऱ्या दिवशी न्यायला आले. मी दिली नाही. एनसी वरून तासाभरात सुकतो, आतून नाही. बॉडीला नाक लावायचं. थिनरचा वास येतोय तोवर घोटायचं नाही, नाहीतर आज आरसा दिसतो आणि महिन्याने रंग आत बसून लाकडाची रेघन्‌रेघ वर येते. मामा रोज संध्याकाळी यायचे, बॉडीला नाक लावायचे आणि चहा पिऊन जायचे. असे चोवीस दिवस. मग वॉटर पेपर, साबणाचं पाणी, १०००, १५००, २०००, शेवटी रबिंग कंपाऊंड. पंचविसाव्या दिवशी मामांनी त्यात तोंड बघून भांग पाडला.

तेव्हा गल्लीत लोक हसले. गाडीचा रंग वाद्याला लावतो म्हणून मला ‘गॅरेजवाला’ म्हणायचे. मामांनीच एकदा सांगितलं की अमेरिकेत फेंडर या गिटार कंपनीने १९५१ साली आपली पहिली बेस काढली आणि पुढे रंगांची हौस आली तेव्हा गिटारींना चक्क मोटारींचेच रंग मारले, ड्युपाँट कंपनीचे, ड्युको आणि ल्युसाईट. म्हणजे आम्ही फर्निचरवाले ज्याला सरसकट ड्युको म्हणतो ते नावच तिकडून आलेलं. हसणाऱ्यांपैकी कुणी नंतर येऊन ‘चुकलं’ म्हणालं नाही.

मामांच्या बेसमुळे कामं येत गेली. पुढची सहा-सात वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. लग्न झालं, आप्पा गेले, दुकान रस्त्यावर मोठ्या गाळ्यात आणलं.

सांगायचं आहे ते २०११ चं. एका मोठ्या शहरातल्या वाद्यांच्या दुकानाने एकदम चौदा बॉड्यांची ऑर्डर दिली. लाल, चकचकीत. त्या पैशांवर मी नवा कॉम्प्रेसर बुक करून टाकला होता. पहिल्या बॉडीवर लाल मारला आणि डोळ्यांदेखत रंग पळाला. पळाला म्हणजे, ओल्या रंगात ज्वारीएवढी गोल भोकं पडली, कडा उचललेल्या, मधे खालचा सीलर उघडा. ह्याला आमच्यात फिश आय म्हणतात, माशाचा डोळा. पुसून परत मारला, परत तेच. दुसरी बॉडी, तिसरी बॉडी, तेच. मला वाटलं गनमध्ये तेल आलं. फिल्टर बदलला, पाइप बदलला. रंगाच्या दुकानदाराने एक औषध दिलं, लिटरला काही थेंब टाका म्हणाला. ते टाकून एक बॉडी सुरेख आली. मी पेढे वाटायचे तेवढे राहिले. दुसऱ्या दिवशी औषध न टाकता साधा पांढरा रंग एका कपाटाच्या दाराला मारला तर त्यालाही डोळे! नंतर कळलं की त्या औषधातच सिलिकॉन असतं. भोकं पडतात ती सिलिकॉनने, आणि औषध म्हणून आपण सिलिकॉनच सगळीकडे सारखं पसरवतो. माझी गनसुद्धा बाटली.

अडीच महिने. चौदाच्या चौदा बॉड्या लाकडापर्यंत खरवडल्या, दोनदा. थिनरने पुसल्या, पण फडकं तेच फिरवलं तर सिलिकॉन निघत नाही, जागा बदलतं एवढंच. शहरातल्या दुकानाचा रोज फोन. कॉम्प्रेसरवाल्याचा रोज फोन. बायकोच्या पाटल्या पतपेढीत गेल्या. ऑर्डर देणाऱ्याने मला फोनवर जे शब्द वापरले ते इथे लिहीत नाही, पण विसरलोही नाही.

कारण सापडलं ते मामांच्या नाकाला. नेहमीसारखे बॉडीला नाक लावायला आले आणि म्हणाले, “हितं लिंबाचा वास कसला येतोय रे?” मला त्या वासाची इतकी सवय झालेली की तो वास आहे हेच कळत नव्हतं. शेजारच्या गाळ्यात तीन महिन्यांपूर्वी गाड्यांच्या शोभेच्या सामानाचं दुकान आलं होतं. तिथली पोरं प्रत्येक गाडीच्या डॅशबोर्डवर चकाकीचा फवारा मारायची, लिंबाच्या वासाचा. डबा आणून मागची बारीक अक्षरं वाचली: सिलिकॉन. आणि माझ्या कॉम्प्रेसरचं हवा ओढायचं तोंड नेमकं त्यांच्याकडच्या झरोक्याला लागून! तो फवारा मी स्वतः ओढून, दाबून, गनमधून बॉडीवर मारत होतो.

शेजाऱ्याला सांगायला गेलो तर तो म्हणाला, माझा धंदा मी बंद करू का? त्याचंही बरोबर होतं म्हणा. पण एक सांगतो, रंगाच्या कामासाठी गाळा घेताना भाडं नंतर विचारा, शेजारी काय विकतो ते आधी बघा. आणि डिपॉझिट कधीही एकदम देऊ नका.

कॉम्प्रेसर मागच्या बाजूला हलवला, गन नवी घेतली. पण चौदा बॉड्यांत मुरलेल्या सिलिकॉनचं काय? तेव्हा मामा वर बघत म्हणाले, “आप्पा असते तर त्यांनी काय लावलं असतं?” वर फळीवर बरण्या होत्या.

लाख कशावरही बसते. तेलकट सागावर बसते, मेणकट डागावर बसते, सिलिकॉनवरसुद्धा बसते, आणि खालची घाण खाली कोंडून ठेवते. पातळ लाखेचे दोन हात बोळ्याने मारले, रात्रभर ठेवल्या, ४०० ने हलकं घासलं आणि देवाचं नाव घेऊन लाल मारला. एक डोळा नाही. चौदापैकी एकावरही नाही. मी ओट्यावर बसून रडलो, मामा पोराला म्हणाले, जा रे, भजी आण.

त्या दिवसापासून आमच्याकडे प्रत्येक बॉडीला रंगाच्या खाली लाख असते. पुढे आम्ही वरून पीयू, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा पॉलियुरेथेन, मारायला लागलो, तरी खाली लाखच. पीयूला मास्क हवा, साधा रुमाल नाही, हार्डनर छातीत बसतो. स्वस्तात काम करा, पण मास्क स्वस्त घेऊ नका. आणि पावसाळ्यात घाई करू नका. आषाढात एनसी मारला की दमट हवेने रंग दुधाळतो. आप्पा तर आषाढ-श्रावणात बरणीच उघडायचे नाहीत.

आता त्याच्याबद्दल, ज्याचं नाव मी घेणार नाही. २००८ पासून माझ्याकडे कामाला होता. आला तेव्हा कुठला पेपर कुठल्या बाजूने धरायचा ते माहीत नव्हतं. मी शिकवलं. चौदा बॉड्या खरवडताना तो माझ्या बरोबरीने बसला होता, हे नाकारत नाही. २०१४ मध्ये गणपतीच्या आधी आठ दिवस म्हणाला, “मालक, गावाकडं काम निघालंय,” आणि गेला. दिवाळीला कळलं की गावाकडे नाही, सांगली रस्त्याला गाळा घेतलाय. माझं बेसचं काम तेव्हा २६०० ला, त्याने १८०० लावलं. शहरातलं ते दुकान, ज्याच्यासाठी मी पाटल्या गहाण टाकल्या, सरळ त्याच्याकडे गेलं. वर एका पुरवणीत त्याचा फोटो आला. मागे टांगलेल्या बॉड्या आणि खाली मजकूर, की मिरजेची लाखेची परंपरा आधुनिक वाद्यांवर आणणारा तरुण कारागीर. फोटोत त्याच्या हातात बोळा होता. धरलाय कसा ते बघा, पोळीचा उंडा धरल्यासारखा.

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आनंद आहे, ज्यांचं आहे त्यांना मिळालं. तेव्हाही हा कुठल्याशा कार्यक्रमात पुढच्या रांगेत बसला होता. ह्याचा आणि सतारीचा काय संबंध? आप्पांनी चाळीस वर्षं तानपुरे घोटले, त्यांना कुणी खुर्ची दिली नाही.

असो. मागच्या वर्षी हुबळीहून एक मुलगा बेस घेऊन आला. पुरवणी वाचून त्याच्याकडे रंगवलेली, वर्षसुद्धा झालं नव्हतं. पट्टा घासतो तिथे वरच्या कडेला पीयू उचकटला होता. मी नखाने टोक धरलं आणि ओढलं, तर सापाची कात निघावी तसा तळहाताएवढा पापुद्रा अख्खा हातात आला. खालून पांढुरका, बोटाला बुळबुळीत. मुलगा घाबरला. मी मात्र तो पापुद्रा उजेडात धरून बराच वेळ बघत होतो.

मेण होतं. लाखेत उपजतच मेण असतं. नुसत्या लाख पॉलिशला त्याने काही बिघडत नाही, पण वर पीयू मारायचा असेल तर त्या मेणावर तो धरत नाही. मेण काढलेली लाख विकत मिळते, महाग पडते. आप्पांची रीत फुकटची. चपडा, म्हणजे लाखेच्या सुक्या पापड्या, स्पिरिटमध्ये विरघळवायचा, काचेच्या बरणीत ओतायचा आणि आठवडा-पंधरवडा फळीवर ठेवून द्यायचा. मेण आपोआप तळाला बसतं, वर चहासारखी नितळ लाख राहते. तेवढीच अलगद नळीने काढायची. तळाची देव्हाऱ्याला, पाटाला वापरायची. म्हणून आमच्या बरण्या वरच्या फळीवर असतात, कुणाचा धक्का लागू नये म्हणून.

माझ्याकडून गेलेल्या त्या पोराने तीन वर्षं मला वरची लाख काढताना बघितलं. त्याला वाटलं असणार की मालकाला वाकायचा कंटाळा, म्हणून वरची वर घेतो. त्याच्याकडे रोज सकाळी बरणी गदागदा हलवून मग ओततात, हे मला त्याच्याच गाळ्यातल्या कामाच्या पोराकडून कळलं.

हुबळीच्या मुलाची बेस पूर्ण खरवडून नवी करून दिली, लाखेसकट ३८०० घेतले. मामा आता थकलेत, स्टेज सोडलंय, पण दाराच्या फळीची ती काळी बेस त्यांच्या पलंगाशेजारी असते. माझ्याकडे काही टांगलेलं असलं की नातवाला घेऊन रिक्षाने येतात आणि त्याला नाक लावायला लावतात.

बरणी हलवायची नाही, हे त्या शहाण्याला मी सांगायला गेलो नाही. आता इथे लिहिलंय. वाचेल तर कळेल.