गोल बागेतला गुरुवार

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तसं सगळेच विचारतात. कुणी लग्नात जेवणाच्या रांगेत, कुणी एसटीत शेजारी जागा मिळाल्यावर. परवा तर दाढ काढताना दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, माझ्या तोंडात कापूस कोंबलेला असताना. "काका, नऊ वर्षं दारू सोडली होतीत ना? मग परत का हो घेतलीत?"

विचारणाऱ्याला मोठं कारण हवं असतं. कुणी गेलं असेल, धंदा बुडाला असेल, घरात काही घडलं असेल. तसं काहीच झालं नव्हतं. मुलगी बी.एड. होऊन नोकरीला लागली होती, घराचं कर्ज फिटत आलं होतं. कारण नाही म्हटलं की माणसं हिरमुसतात. मग काही जणांना मी "त्या साली आई गेली हो" असं सांगून मोकळा झालोय. आई त्याआधीच सहा वर्षांपूर्वी गेली होती. म्हणजे बघा, खोटं बोलण्याची खोड अजून पुरती गेलेली नाही. तीच या गोष्टीतली मुख्य गोष्ट आहे, पण त्याआधी थोडं मागचं.

मी जुळारी. छापखान्यात शिशाचे खिळे जुळवणारा. १९७७ साली साताऱ्यात एका छापखान्यात लागलो तेव्हा अठरा वर्षांचा होतो. डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची धातूची पट्टी, उजव्या हाताने केसमधल्या, म्हणजे खिळ्यांच्या पेटीतल्या, खणांतून एकेक अक्षर उचलायचं, आणि अक्षरं सगळी उलटी. काना, मात्रा, वेलांटी, रफार, जोडाक्षरं, सगळ्यांचे खण वेगळे. हात डोळ्यांच्या आधी पोचायला लागला की तुम्ही जुळारी झालात.

१९८० च्या जानेवारीत लोकसभेची निवडणूक होती. पत्रकं छापायला रात्र-रात्र जागायचो. थंडी मरणाची. एका रात्री मालकांनी आम्हा चौघांसाठी बाटली पाठवली. मालकांना मी कधी दोष दिला नाही. त्या रात्री चौघांनी एकाच बाटलीतली घेतली. एकाने परत आयुष्यात तोंड लावलं नाही, दोघे थर्टी फर्स्टला घेतात आणि दुसऱ्या दिवशी कामावर जातात. चौथा मी.

१९९० च्या आसपास सकाळी हात थरथरायला लागले. सत्यनारायणाच्या पूजेचं निमंत्रण जुळवून झालं होतं, ते गॅलीसकट, म्हणजे जुळवलेल्या ओळी ठेवायच्या तबकासकट, खाली पडलं. सगळे खिळे फरशीवर. ते वेचायला अर्धा दिवस गेला. तेव्हापासून कामावर निघण्याआधी नाइंटी. लोकांना वाटायचं मी मजेसाठी पितो. त्या नव्वद मिलीत मजा कसली? ती हात थांबवायला होती. पुढे डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवरची जुळणी आली, ऑफसेट आलं, खिळे वजनावर भंगारात गेले आणि मला प्रुफं तपासायला बसवलं. "धंदा गेला म्हणून बिचारा प्यायला लागला," असं माझ्याबद्दल बोललं जायचं. मीही ते खोडून काढलं नाही. फुकट मिळालेलं कारण कोण नाकारतो?

बायकोने काय काय केलं त्याची यादी लांब आहे. एसटी स्टँडच्या भिंतीवर जाहिरात असायची, ‘पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा’. तसल्या पुड्या तिने माझ्या आमटीत घातल्या. त्याने फक्त आमटी कडू झाली. मग १९९६ मध्ये एका डॉक्टरांनी रीतसर, माझी सही घेऊन, डायसल्फिरामच्या गोळ्या सुरू केल्या. दारू शरीरात मोडताना मध्येच एक विषारी पदार्थ तयार होतो. एरवी शरीर त्याचा लगेच निकाल लावतं. ही गोळी ते काम अडवते. मग थोडी जरी प्यायलात तरी तोंड जास्वंदीसारखं लाल होतं, छाती धडधडते, उलट्या होतात. शेवटच्या गोळीनंतरही हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. मी चौथ्याच दिवशी प्यायलो. मोरीत पडून होतो आणि बायको दारात उभी होती, हातात तांब्या. हे औषध डेन्मार्कच्या दोघा संशोधकांनी १९४८ साली जगापुढे आणलं असं पुढे कुठेतरी वाचलं. त्या दोघांना मी त्या मोरीत मनसोक्त शिव्या दिल्या होत्या, नावं माहीत नसताना. नंतर शहाणा झालो. म्हणजे गोळी जिभेखाली दाबून वरून पाणी प्यायला शिकलो.

जून २००३ मध्ये दवाखान्यात दाखल केलं. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर जिवावर बेतू शकतं, हे आपल्याकडे फार कमी लोकांना ठाऊक असतं. घरात कोंडून ठेवतात आणि फिट आल्यावर पळापळ करतात. डॉक्टरांनी बायकोला असं समजावलं, की दारू मेंदूला सतत ब्रेक लावते, म्हणून मेंदू ॲक्सिलरेटर दाबून ठेवायला शिकतो. ब्रेक अचानक काढला तर गाडी सुटणारच. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, तिसऱ्या-चौथ्या दिवशी भ्रम होऊ शकतो. त्यासाठी गोळ्या देतात, बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात. मला तरीही तिसऱ्या रात्री भ्रम झाला. मला त्यातलं काही आठवत नाही, बायकोने सांगितलं म्हणून माहीत. मी पलंगावर बसून चादरीवरून खिळे वेचत होतो. उजव्या हाताने उचलायचे, डाव्या हातातल्या नसलेल्या स्टिकमध्ये बसवायचे, ओळ भरली की अंगठ्याने दाबायची. छापखान्यातले खिळे जाऊन तोवर कितीतरी वर्षं झाली होती. पहाटे चारपर्यंत माझं काम चालू होतं. ती म्हणते, हात अजिबात थरथरत नव्हते.

तिथून महिनाभर पुण्याला व्यसनमुक्ती केंद्रात, आणि परत आल्यावर दर गुरुवारी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची मीटिंग. एका शाळेचा वर्ग, संध्याकाळी साडेसहा, मुलांचे छोटे बाक, गुडघे वर येतात. आपलं पहिलं नाव सांगायचं, मी दारुडा आहे म्हणायचं, बोलायचं असेल ते बोलायचं. कुणी सल्ला देत नाही. १९३५ साली अमेरिकेत ओहायोतल्या ॲक्रन गावी दोन दारुडे एकमेकांशी बोलत बसले, त्यातून हे सुरू झालं. एक शेअर दलाल, एक शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर. साताऱ्यात त्यांच्या जागी एक जुळारी आणि एक निवृत्त पोस्टमन. या पोस्टातल्या दादांनी मला पहिली दोन वर्षं अक्षरशः धरून ठेवलं. रात्री अकराला फोन केला तरी, "काय जेवलास?" एवढंच विचारायचे.

पाच-सहा वर्षं झाल्यावर मला भाषणांची बोलावणी येऊ लागली. शाळा, तालमी, गणेशोत्सव मंडळं. गावात दारूबंदी व्हावी म्हणून ‘आडवी बाटली’साठी मतदान करणाऱ्या बायकांच्या सभेतही बोललो. बोलायला मला बरं जमतं. चादरीवरच्या खिळ्यांचा प्रसंग सांगितला की सभा गप्प व्हायची, आणि तो कुठे थांबून सांगायचा तेही मला कळू लागलं होतं. २०११ च्या डिसेंबरात पेपरात फोटो आला, खाली संपूर्ण नाव.

दादांनी मीटिंग संपल्यावर बाजूला घेतलं. म्हणाले, अकरावी परंपरा आठवते ना? आमच्या बारा परंपरांत ती आहे, पेपर-रेडिओत आपलं नाव उघड करायचं नाही. "ते नुसतं लाज झाकायला नाही रे, आपल्या डोक्यात हवा जाऊ नये म्हणूनही आहे." मला ते लागलं. मनात म्हटलं, जळतात.

पुढच्या गुरुवारी घरातून सहाला निघालो आणि शाळेकडे न वळता राजवाड्यासमोर गोल बागेत जाऊन बसलो. शेंगदाण्याची पुडी घेतली. आठला घरी. बायकोने विचारलं, "झाली मीटिंग?" मी म्हटलं, "झाली."

असे सहा महिने. दर गुरुवारी गोल बाग, शेंगदाणे, आणि "झाली". कधी तर विचारलेलं नसताना सांगायचो, आज नवीन मुलगा आला होता, फार रडला. दारूचा थेंब नव्हता पोटात. पिताना जसं बोलायचो, त्याच आवाजात, तितक्याच सफाईने. माझं परत पिणं जुलैत सुरू झालं असं घरचे धरतात. मी जानेवारीतला गुरुवार धरतो.

जुलैचं सांगण्यासारखं फार नाही. पुण्याहून कागद बघून येत होतो, शिरवळजवळ एसटी बंद पडली. पाऊस होता. समोर परमिट रूम होती, लघवीला म्हणून आत गेलो आणि येताना टेबलावर बसलो. पोऱ्याने विचारलं आणि जिभेने मला न विचारता सांगितलं, "एक क्वार्टर, साधं पाणी." जणू कालच येऊन गेलो होतो. त्याने विचारलं, चकणा? म्हटलं, शेंगदाणे.

नऊ वर्षांत शरीर सगळं विसरलं असेल आणि पहिल्यापासून सुरुवात होईल, असं मला वाटलं होतं. ते साफ चूक. पहिल्यांदा नाइंटीवरून सकाळच्या बाटलीपर्यंत यायला मला दहा वर्षं लागली होती. या वेळी तीन आठवडे.

आणि त्यात २ ऑक्टोबर आला. गांधीजयंती, शाळेत माझं भाषण, मार्चमध्येच ठरलेलं. ड्राय डे, दुकानं बंद, म्हणून आदल्या संध्याकाळी दोन क्वार्टर घेऊन स्कूटरच्या डिकीत ठेवल्या. सकाळी थोडी घेतली, वर बडीशेप. स्कूटर शाळेच्या आवारात लिंबाखाली लावली आणि वीस मिनिटं बोललो. खिळ्यांचा प्रसंग नेहमीच्या जागी थांबवून सांगितला. सातवी-आठवीतल्या एका मुलीने विचारलं, "आजोबा, तुम्हाला आता कधीच प्यावीशी वाटत नाही?" म्हटलं, "नाही बाळा." टाळ्या. शाल, नारळ.

निघताना शाळेचा शिपाई मागोमाग आला. "द्या साहेब किल्ली, नारळ डिकीत ठेवतो." म्हटलं, राहू दे. "अहो, पडंल की वाटेत." राहू दे म्हटलं ना! तो बघतच राहिला. मी नारळ दोन पायांमध्ये ठेवला, शाल गळ्यात, आणि पोवई नाक्यावरच्या गर्दीतून तसाच घरी आलो.

बायको दारात निवडण घेऊन बसली होती. नारळाकडे बघितलं, डिकीकडे बघितलं. "किल्ली द्या," म्हणाली. दिली. तिने डिकी उघडली, बंद केली, किल्ली परत माझ्या हातात ठेवली आणि आत जाऊन भात लावला. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्यावर बाहेर येऊन विचारलं, "उद्या आधी कुठे जायचं? डॉक्टरांकडे का मीटिंगला?"

डॉक्टरांकडे आधी गेलो. त्यांनी मधुमेहाचं उदाहरण दिलं, हाही तसाच जुनाट आजार, उलटतो, परत उपचार घ्यायचे. मला ते उदाहरण पूर्वी पटायचं नाही. मधुमेही कुठे खोटं बोलतो? पण आमचे मेहुणे साखर तीनशेवर असताना दुकानात उभं राहून कंदी पेढे खातात आणि मिशा पुसून घरी येतात, त्यामुळे हल्ली पटतं. गुरुवारी मीटिंगमध्ये उभा राहून म्हटलं, आज माझा दुसरा दिवस. दादा म्हणाले, "बस, चहा घे." बाकी एक शब्द नाही. ते आता नाहीत.

२०१६ मध्ये दिवाळीच्या आधी आणखी एकदा घसरलो, अकरा दिवस. त्याबद्दल मात्र कुणीच विचारत नाही. लोकांना नऊ वर्षं मोडल्याचं वाईट वाटतं, चार मोडल्याचं तेवढं वाटत नसावं. त्यानंतर घेतलेली नाही. भाषणं बंद आहेत. आता हे लिहितोय, पण खाली नाव घालत नाही.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये शाळा बंद, मीटिंग मोबाइलवर आली. आमचं घर दोन खोल्यांचं. मी बाहेरच्या खोलीत फोन पुस्तकांना टेकवून बसायचो, ती आत. तिने ऐकू नये म्हणून सुरुवातीला हळू बोलायचो, मग लक्षात आलं की ती मुद्दाम भांडी वाजवते. एका गुरुवारी मी गोल बागेचं बोललो. आठ वर्षं झाली होती, घरी ते कधी सांगितलं नव्हतं. मधेच भांड्यांचा आवाज थांबला.

मीटिंग संपल्यावर ती चहा घेऊन आली. म्हणाली, "गोल बागेचं मला तेव्हाच माहीत होतं. भाजीवाल्या मावशींनी सांगितलं होतं. दोनदा."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार?" ती म्हणाली. "नुसते शेंगदाणे तर खात होतात."