कासेन्यीच्या किनाऱ्यावर

युगांडात एचआयव्ही क्लिनिकमध्ये रिसर्च फेलोशिप करून आल्यापासून बरेच जण विचारतात, व्हिसाचं कसं, राहायची सोय कशी, खाण्याचे हाल झाले का. सगळं नीट झालं. पिवळ्या तापाची लस तेवढी विसरू नका, कार्ड बघतात. शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही; उकडून कुस्करलेली मातोके केळी आणि वर शेंगदाण्याची दाट आमटी मी रोज आवडीने खाल्ली. कंपाला जवळजवळ 1200 मीटर उंचीवर आहे, त्यामुळे विषुववृत्त इतकं जवळ असूनही रात्री पांघरूण लागतं. ट्रॅफिक भयंकर. पण मला लिहायचंय ते कासेन्यीबद्दल.

माझा विषय होता उपचार सुटलेले पेशंट. औषधं न्यायची तारीख उलटून महिने झाले आणि माणूस फिरकलाच नाही, की रजिस्टरमध्ये तशी नोंद होते. अशा नोंदींची लांबलचक यादी माझ्या लॅपटॉपवर होती. पहिले कित्येक आठवडे एथिक्स कमिटीची मंजुरी आणि संमतिपत्राची तिथल्या लुगांडा भाषेतली भाषांतरं यातच गेले.

मग एका सकाळी आमच्या एक्सपर्ट क्लायंट म्हणाल्या, "डॉक्टर, यादी खूप वाचलीत. आता चला." एक्सपर्ट क्लायंट म्हणजे स्वतः एचआयव्हीसह जगणारी आणि क्लिनिकमध्येच काम करणारी व्यक्ती. नव्या पेशंटशी बोलायचं, गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगायचं, न आलेल्यांना शोधून काढायचं. या बाईंना आजार कळला तेव्हा औषधं श्रीमंतांनाच परवडायची. 2001 मध्ये मुंबईच्या सिप्लाने तीन औषधांचा वर्षभराचा कोर्स 350 डॉलरला देऊ केला. त्याआधी पेटंटवाल्या कंपन्यांच्या औषधांना वर्षाला 10 हजार डॉलरच्या वर लागत. मी भारतातली, म्हणून पहिल्याच दिवशी त्यांनी मला स्वतःची गोळ्यांची डबी दाखवली होती. डबीवर भारतीय कंपनीचं नाव. परदेशात इतका अभिमान मला दुसऱ्या कशाचाच वाटला नाही.

कासेन्यी हा एन्टेबेजवळचा, व्हिक्टोरिया सरोवराकाठचा मासेमारीचा धक्का. बेटांकडे जाणाऱ्या होड्या इथून सुटतात, आणि होडी काठाला टेकत नाही म्हणून हमाल प्रवाशांना खांद्यावर उचलून पाण्यातून नेतात. वाळूत जाळ्यांवर मुकेने, म्हणजे बारीक चंदेरी मासळी वाळत घातलेली. बाईंनी क्लिनिकचं ओळखपत्र पर्समध्ये टाकलं आणि बोडा-बोडावाल्याला, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाल्याला, बरंच अलीकडे थांबवलं. दवाखान्याची माणसं अमक्याला शोधत आली, एवढं धक्क्यावर कळलं तरी त्या माणसाचं जगणं कठीण होतं. कोणी विचारलंच तर आम्ही मासळी घ्यायला आलो होतो.

यादीतला माणूस जाळं दुरुस्त करत बसला होता. लुगांडातली विचारपूस चांगली लांब चालते: घरचे कसे, काम कसं, रात्र कशी गेली. बाईंनी त्यातलं एक वाक्यही गाळलं नाही. मग तिघंही एका पालथ्या होडीआड गेलो. त्याने खिशातून प्लास्टिकच्या पिशवीची घट्ट गुंडाळी काढली. आत गोळ्या. डबी त्याने पहिल्याच दिवशी फेकून दिली होती, कारण होडीत डबी खुळखुळली की सोबतचे विचारतात. गुंडाळीत पाण्याने फुगलेलं उपचारकार्डही होतं, सरोवरातल्या 'ससे' नावाच्या बेटांवरच्या एका सरकारी आरोग्य केंद्राचं. तारखा ओळीने भरलेल्या, एकही खाडा नाही. व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तातल्या विषाणूंच्या प्रमाणाच्या, रकान्यात विषाणू सापडला नसल्याची नोंद. म्हणजे त्याची तब्येत तर ठीक होतीच, पण लैंगिक संबंधातून त्याच्याकडून कुणाला संसर्ग जाण्याची शक्यताही नव्हती.

मासळी सरकते तसा तो बेटांवर सरकतो. क्लिनिकपर्यंतच्या भाड्यात त्याची कमाई जायची, म्हणून त्याने जवळचं केंद्र धरलं. त्या केंद्राने आम्हाला कळवलं नाही, आणि आमच्याकडून कोणी विचारलं नाही. त्याने थेट मला विचारलं, "मुसाओ (डॉक्टर), तुमच्या वहीत मी मेलोय का?"

मी नाही म्हणाले. पण विश्लेषणाच्या आमच्या आराखड्यात त्याची गणना मेलेल्यांबरोबरच होणार होती, आणि त्या आकड्यावरून या किनाऱ्यावरचे लोक बेफिकीर असतात असं कोणीही लिहून मोकळं झालं असतं. युगांडातच म्बारारा शहरामध्ये संशोधकांनी पूर्वी अशा पेशंटपैकी काहींचा घरी जाऊन शोध घेतला होता. काही खरंच वारले होते, बरेच दुसरीकडे उपचार घेत होते, आणि क्लिनिक सुटायचं मुख्य कारण भाडं आणि अंतर हेच होतं. मी तो पेपर वाचला होता. होडीआड उभं राहिल्यावर तो कळला.

त्याच दिवशी यादीतल्या पुढच्या घरी आम्हाला फक्त आई भेटली. तिने घरामागची मुलाची कबर दाखवली आणि आम्हाला चहा पाजला. त्याबद्दल याहून जास्त लिहवत नाही.

पुढचे सगळे महिने आम्ही बेटांवरच्या केंद्रांना फोन करून कार्डं जुळवली. कंटाळवाणं काम, पण फेलोशिपमध्ये मी केलेलं सगळ्यात उपयोगी काम तेच.

मी परतल्यावर, 20 जानेवारी 2025 ला, अमेरिकेने परदेशी मदत 90 दिवसांसाठी गोठवली. युगांडातला एचआयव्ही उपचारांचा मोठा भार तेव्हा 2003 पासूनच्या पेपफार या अमेरिकेच्याच एचआयव्ही मदत कार्यक्रमावर होता. औषधं चालू ठेवायला या बंदीतून सूट मिळाली, पण गावोगाव फिरून माणसं शोधणाऱ्यांच्या नोकऱ्या आधी गेल्या. आमच्या बाईंचीही गेली. गोळी गोदामात आहे आणि ती कुणापर्यंत पोचत नाहीये हे बघणारं कोणी नाही, याचा मला अजून संताप येतो. बाई स्वतःच्या फोनचा बॅलन्स खर्चून जुन्या पेशंटना तारखा कळवतात. त्यांच्या कामाला पैसे मिळावेत म्हणून आम्ही दोघींनी मिळून एक अर्ज केलाय. उत्तर यायचंय.