आजीचं वृंदावन, आळंदी ते पंढरपूर

आजी ९१ वर्षं जगली. तिचं तुळशीचं पितळी वृंदावन आणि ते वाहायची तिची रीत, दोन्ही आमच्याकडे आली. माउलींच्या पालखीबरोबरची ही वारीची वाट सुमारे २५० किलोमीटरची. आई आणि मी वृंदावन आळीपाळीने डोक्यावर घेतो.

प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला, पण रोप निदान पंधरा दिवस आधी लावायचं. मुळांनी माती धरली नसेल तर चालण्याच्या हिसक्यांनी ते पुण्यापर्यंतच कलंडतं. तळाला वाळू, वर माती आणि शेणखत निम्मं निम्मं, काठाखाली दोन बोटं जागा मोकळी. काठोकाठ भरलं की पहिल्याच पावसात चिखल कपाळावर ओघळतो. मंजिऱ्या खुडायच्या, नाहीतर रोप बी धरतं, पानं झडतात आणि शेंडा जड होऊन वाऱ्यात हेलकावतो. पाणी अर्धा पेला, तेही मुक्कामाला पोचल्यावर. वृंदावनाला खाली भोक नसतं, त्यामुळे जास्तीचं पाणी मुळाशी साठतं. पानं पिवळी पडली की बायका घाबरून आणखी पाणी घालतात आणि तिथेच रोप जातं.

वृंदावनाखाली डोक्यावर ठेवायची चुंबळ जुन्या सुती लुगड्याचीच. नायलॉन केसांवरून घसरतं. भार टाळूवर यायला हवा, कपाळाकडे आला की मान भरून येते. नजर दहा पावलं पुढे ठेवायची. “पायाकडं बघशील तर तुळस पडंल,” हे आजीचं वाक्य आईच्या तोंडून दर विसाव्याला निघतं.

पुणे ते सासवड हा टप्पा सगळ्यात लांब आणि त्यात दिवे घाट. त्या दिवशी बहुतेक वर्षी एकादशी येते. साबुदाण्याची खिचडी भरपेट खाऊन चढायला लागलं की पोट जड होतं आणि दम लागतो. आजी मूठभर भाजके शेंगदाणे, राजगिऱ्याचा लाडू आणि पाण्याच्या बाटलीत चिमूटभर शेंदेलोण व गूळ एवढ्यावर चढायची. घामाबरोबर मीठ जातं, नुसतं पाणी पीत राहिलं तर पोटऱ्यांत गोळे येतात. तिने हे कुठे वाचलं नव्हतं, दोन-तीन वाऱ्यांत पायांनीच शिकवलं. नवी चप्पल ती कधीही घालून निघायची नाही. रात्री पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून खोबरेल लावायची. ओल्या बेचक्यांत चिखल्या होतात आणि मग नीरा ओलांडून लोणंदपर्यंत जाणंही कठीण.

दिंडीत पुढे पताका, मग टाळकरी, मृदंग, वीणा आणि त्यामागे आम्ही तुळशीवाल्या. आजोबा गेले त्या वर्षी आजीचं कुंकू पुसलं गेलं. गावात तिला हळदीकुंकवाला बोलवेनात. वारीत मात्र सकाळी सगळ्यांच्या कपाळी लागतो तोच बुक्का तिच्याही कपाळी लागायचा आणि तुळस डोक्यावर घ्यायला तिला कुणी अडवलं नाही. पुढची कित्येक वर्षं ती दर ज्येष्ठात एवढ्या ओढीने का निघायची, हे मला फार उशिरा कळलं.

गुडघे गेल्यावर ती एसटीने थेट वाखरीला येऊन थांबायची. तिथून पंढरपूर जवळ. तेवढ्या वाटेला वृंदावन पुन्हा तिच्या डोक्यावर जायचं, आई मागून हात धरून. शेवटच्या चार वर्षांत तेही थांबलं. मग ती घरी बसून रोज विचारायची, “आज तरडगाव ना? चांदोबाच्या लिंबाला रिंगण झालं का?” मुक्कामांचा क्रम तिचा कधी चुकला नाही, घरातली नावं चुकत होती तेव्हाही.

द्वादशीला पारणं सोडलं की चंद्रभागेची वाळू घ्यायची, पुढच्या वर्षीच्या रोपाच्या तळाला. पाणी खाली झिरपून मुळं मोकळी राहायला तीच लागते. आजीचं माप दोन मुठी. तिची मूठ मोठी होती, आमच्या हाताने तीन लागतात.